बिराजदार सर आणि ॲल्युमिनियम क्लोराइड

बिराजदार सर बाटलीशी भांडायचे. अगदी तोंडावर. ॲल्युमिनियम क्लोराइडची बाटली कपाटातून काढली की म्हणायचे, "आलीस का, भवाने?" बूच उघडलं की तिच्यातून झोंबणारा पांढरा धूर निघायचा आणि आमची अख्खी प्रयोगशाळा खोकायला लागायची.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. ॲरोमॅटिक कीटोन या जातीचं रसायन करायचं म्हटलं की क्रमिक पुस्तकात हीच बाटली. सर चिडायचे. "यप्पा! हिच्यावाचून अडलंय काय? दुसरी रीत असतीच की!"

ती त्यांनी शोधलीही. बेन्झॉइक आम्ल आणि व्हिनेगर चुन्यात मुरवून त्यांचे क्षार करायचे, वाळवायचे आणि कोरडेच तापवायचे. चुन्यासाठी आम्ही नवी पेठेतल्या पानवाल्याकडे गेलो. सरांनी भलामोठा डबा पुढे केला.

"एवढा चुना कुणाला लावताय, सर?"

"बेन्झॉइक ॲसिडला," सर गंभीरपणे म्हणाले.

भंगारातून आणलेल्या लोखंडी नळीत ते क्षार तापवले, तर पहिल्याच दिवशी धूर व्हरांड्यात गेला. प्राचार्य धावत आले. "काय जळतंय?"

"पुस्तकातली रीत, सर!" बिराजदार सर खुशीत म्हणाले.

त्यानंतर कितीतरी दिवस नुसतं काळं डांबर निघालं. मुलं हसत. सर नळी खरवडून पुन्हा भरत. अखेर एका दुपारी पिवळसर तेल ठिबकलं; तोच तो कीटोन! शुद्ध केल्यावर त्याला मोसंबीच्या फुलासारखा गोड वास आला. सरांनी मला मिठीच मारली आणि चहाला घरी ओढत नेलं.

दारात मात्र ते थबकले. "येऊ का गं आत?"

वहिनी बाहेर आल्या. बारीक, जरा धापा टाकणाऱ्या. त्यांनी सरांच्या बाहीला नाक लावलं. "अगोबाई, फुलं आणलीत?"

चहा टाकता टाकता त्या मला म्हणाल्या, "मला दमा हाय ना. त्या बाटलीतल्या धुराचा वास कपड्यात असला की लई दम लागतो. म्हणून प्रॅक्टिकलच्या दिवशी हे अंधार पडेस्तोवर बाहेर कट्ट्यावरच बसतात. कितीदा म्हटलं, शर्ट बदला अन् या. म्हणतात, केसातबी वास असतो."

बाहेरच्या खोलीतून सरांची हाक आली. दिवसभर प्रयोगशाळा दणाणून सोडणारा आवाज अगदी हळू झाला होता.

"अगं, चहा राहू दे. ये की हितं, बस जरा जवळ."