बोरखळीत ज्वारी पिकत नाही

बोरखळीची ज्वारी अकरा वर्षं पिकली नाही, याला जबाबदार विश्वंभर तात्या काळदाते. दुसरं कुणी नाही. शिवारातल्या ज्वारीने पुढील आदेश होईपर्यंत हुरड्याच्या अवस्थेतच थांबावं, ही सूचना ग्रामसभेत त्यांनी मांडली. बाकीच्या आठ पंचांनी हात वर केले, ग्रामसेवकाने ठराव लिहून घेतला, आणि ज्वारी थांबली.

कारण साधं होतं. हुरडा खायला पुण्याची माणसं यायची ती पौषात, फार तर महिनाभर. दाणा टणक झाला की गाड्या बंद. तात्यांची पाहुण्यांसाठी हुरडा बाग होती, त्यांना गाड्या बारमाही पाहिजे होत्या, आणि त्या सुरू झाल्या. कणीस तोडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच धाटावर दुसरं आलेलं असायचं, तसंच हिरवं, तसंच दुधाळ. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत पाहुणे आगटीभोवती बसून घाम पुसत गरम हुरडा खायचे आणि हिवाळ्यात इथं काय मजा येत असेल म्हणायचे. तात्या फेटा बांधून प्रत्येक गाडीला हात जोडायचे. शेतात त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत पाय ठेवला नव्हता, पण फेटा त्यांना शोभायचा.

अडचण एवढीच झाली की ज्वारीच्या गावात भाकरीला ज्वारी राहिली नाही. बाहेरून दाणे आणायला ठरावाच्या कलम तीनने मनाई होती. पिकलेला दाणा बघून उभी ज्वारी बिघडेल, असं पंचांचं म्हणणं होतं. पीठ आणायला हरकत नव्हती, तेही बंद पिशवीतून. गिरणी बंद पडली. तालुक्याहून दोन-दोन महिने पडून राहिलेलं पीठ यायचं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असायची, आणि भाकरी थापायला घेतली की काठाला चिरा पडायच्या.

या चिरांमुळे सौदागर नलावडे अर्ज घेऊन पंचायतीत गेला.

सौदागर तेवीस वर्षांचा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून घरी आला होता. का सोडलास म्हणून कुणी विचारलं तर "तुम्ही शिकवायला होतात का तिथं?" असं तोंडावर विचारायचा. त्याची आई छबूबाई आणि शेजारच्या तिघी मिळून कडक भाकरी करायच्या आणि सोलापूरच्या एका दुकानाला द्यायच्या. दुकानदाराने निरोप धाडला होता की, मागचा माल फुटका आला, पुढचाही तसाच आला तर बंद करू. बंद झालं असतं तर चौघींना तात्यांच्या हुरडा बागेत पाहुण्यांची ताटं विसळायला जावं लागलं असतं. तात्यांनी तशी जागाही राखून ठेवली होती. "घरचंच काम हाय, छबू," असं ते दोनदा म्हणाले होते.

अर्जात सौदागरने लिहिलं होतं की, त्याच्या दोन एकरांपैकी एक एकर ज्वारीला पिकण्याची परवानगी मिळावी.

सभा सोमवारी सकाळी भरली. नऊ पंच सतरंजीवर, ग्रामसेवक मुळे भाऊसाहेब टेबलाला. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला.

तात्या हसले. "कॉलेज अर्धं टाकून आलेल्यानं पीक पुरं करायच्या गोष्टी कराव्यात व्हय?"

"तुम्ही तर सुरूच केलं नव्हतं, तात्या," सौदागर म्हणाला. "मी निदान पैल्या वर्षाला पास झालो."

"मोठ्यांशी बोलायची ही रीत झाली?"

"मोठेपणाचंच बोलायला आलोय. पिकू द्या म्हणतोय."

भाऊसाहेबांनी पेनाने टेबल वाजवलं. "अर्ज नियमात बसतोय," ते म्हणाले. "कलम सातप्रमाणं एक एकर देता येतं. भोवती हिरवी जाळी लावायची, म्हणजे बाजूच्या ज्वारीला दिसणार न्हाई. पण एक बाब हाय. ठरावानं पिकणं थांबवलंय, रद्द न्हाई केलं. अकरा वर्षांचं पिकणं दप्तरी जमा हाय. परवानगी दिली की ते बाहेर काढावं लागंल."

"काढा की."

"ते सुटं निघत न्हाई. सगळं एकदम निघतं. तुमच्या ज्वारीला हुरड्यापासून काढणीपर्यंत लागतात चाळीस दिवस. ते ती घेईल. उरलेलं कुणाच्या तरी अंगावर पडणार. रिकामं सोडता येत न्हाई."

"कुणाच्या अंगावर?"

"सूचना मांडणाऱ्याच्या, पंचांच्या किंवा अर्जदाराच्या. तिघांपैकी कोण ते सभेनं ठरवायचं."

सौदागर तात्यांकडे वळला. "सूचना तुमची. घ्या."

"मी एकोणऐंशीचा हाय, लेका," तात्या म्हणाले. "अकरा वर्षं घेतली तर नव्वदीला टेकंन. नव्वदीला आमच्या घराण्यात कुणी बसून जेवलेलं न्हाई."

हे खरं असेल असं भाऊसाहेबांना वाटलं आणि त्यांनी तसं टिपून घेतलं.

"मग नऊ जणांत वाटून घ्या," सौदागर म्हणाला. "ठराव तर नऊ जणांचाच होता. माणशी चौदा-पंधरा महिने येत्यात. चौदा महिन्यांनी कुणी मरत न्हाई."

अंबऋषी अण्णांनी गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात असल्याचं सांगितलं. धोंडीबा काकांनी नातवाच्या लग्नापर्यंत आहे त्याच वयात राहायचं ठरवलं होतं. एकजण म्हणाला की तो त्या दिवशी सभेला उशिरा आला होता. एकाने चष्मा काढून पुसला आणि पुसतच बसला. भाऊसाहेबांनी मतदान घेतलं. वाटून घेण्याच्या बाजूने शून्य, विरोधात नऊ. तात्यांनी या वेळी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"गावासाठी आमी लई दिलंय," ते म्हणाले. "आता तरुणांनी पुढं यावं."

"तुम्ही दिलेलं काय ते एक सांगा, मी सही करतो," सौदागर म्हणाला.

तात्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "मार्गदर्शन."

सौदागरला आईचा हात आठवला. फाटलेला काठ ती अंगठ्याने दाबत बसायची, भाकरी तव्यावर पडेपर्यंत दाबत राहायची, आणि तव्यावर ती पुन्हा फाटायची. त्याने पेन मागितलं. भाऊसाहेबांनी कुठे सही करायची ते दाखवलं, दोन ठिकाणी. मग कपाट उघडलं, शिक्का मारला आणि वेळ लिहिली: अकरा वाजून दहा मिनिटं.

कलम सात त्याने आधीच वाचलं होतं, जाळी आदल्या दिवशीच बांधून ठेवली होती. शेतात पोचला तेव्हा आतली ज्वारी पांढरी झाली होती. पानं वाळून खडखडत होती, कणसं जड होऊन वाकली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या शिवारात चिमण्या दिसल्या. त्याने विळा घेतला आणि वाकला, तेव्हा कंबर भरून आली. दाढी छातीला टोचत होती. सकाळी सैल असलेला शर्ट पोटावर ताणला होता. दोन पेंढ्या कापायला त्याला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दाणे झोडून, पाखडून, कापडात झाकून त्याने घरी आणले. छबूबाई दारातच बसली होती. तिने मान वर केली.

"कुणाकडं आलाव, भाऊ?"

"आई, मी हाय."

ती उठली. त्याच्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांकडे तिने पाहिलं, मग हातातल्या कापडाकडे. कशावर सही केलीस, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं. पंच काय म्हणाले, तेही सांगितलं.

"विश्वंभर काय बोलला?"

"मार्गदर्शन केलं म्हणाला."

छबूबाई आत गेली. माळ्यावरचं जातं दोघांनी मिळून खाली काढलं. तिने दळलं, त्याने दाणे टाकले. कढत पाण्यात पीठ मळल्यावर गोळा एकसंध आला. तिने भाकरी थापली, चांगली परातभर, कागदासारखी पातळ, आणि ती कुठेच चिरली नाही. तव्यावरून उतरवून निखाऱ्याशी उभी केली तेव्हा शेजारच्या तिघी दारात येऊन बघत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने, हे पाहुणे कोण, म्हणून हळूच विचारलं.

"माझा सौदागर हाय," छबूबाई म्हणाली. "बसा, परात घ्या. उद्याच्या गाडीला माल द्यायचाय."

माल दिला. दुकानदाराने पुढची मागणी दुप्पट करून कळवली. गावातली बाकीची ज्वारी ठरावाप्रमाणे कोवळीच राहिली, आणि त्याच सोमवारपासून तिचं पिकणं दप्तरी नव्याने जमा व्हायला लागलं. भाऊसाहेबांनी मंगळवारी पंचायतीच्या फळ्यावर नोंद लावली. अर्जदार सौदागर नलावडे, वय सकाळी तेवीस, दुपारी जवळपास चौतीस. एक एकर ज्वारीला त्याची दहा वर्षं, दहा महिने आणि वीस दिवस लागले.