एका पडद्याची वर्गणी

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, सकाळीच कलबुर्गीहून आलेल्या मल्लेश्वरीने वडिलांसमोर मोबाइल धरला आणि विचारलं, "अप्पा, हे पुढच्या वर्षी घ्यायचं की बंद करायचं? शनिवारी मुदत संपतेय."

'हे' म्हणजे इंटरनेटवरून टीव्हीवर थेट वाहिन्या दाखवणारी सेवा. गेल्या वर्षी माकडांनी गच्चीवरची डिशची छत्री तिसऱ्यांदा वाकवली, तेव्हा तिनेच ही सेवा घेऊन दिली होती.

"मला काय कळतंय त्यातलं," रेवणप्पा म्हणाले. "तुला परवडतंय का बग."

"परवडण्याचं नाही हो. तुम्ही बघता का? वसूल होतंय का?"

"बगतोय की. साडेसातपातूर झकास चालतंय."

"आणि साडेसातला?"

"बंद पडतंय."

मल्लेश्वरीची आई चन्नव्वा शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"रोज?" मल्लेश्वरीने आवाजात आणता येईल तेवढं आश्चर्य आणलं.

"रोज. ते बग, लिव्हून ठेवलोय."

रेवणप्पा चिटगुप्प्याच्या बसस्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली बस किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे वहीत लिहिणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वही गेली, सवय राहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीने बारीक आकडे होते. ७.३१. ७.३४. ७.३०. एका चौकटीत ७.५२, आणि त्याखाली जोरात ओढलेली रेघ.

मल्लेश्वरीला त्या आकड्यांकडे फार वेळ बघवलं नाही. टीव्ही का बंद पडतो, हे तिला ठाऊक होतं. तीच तो बंद पाडत होती.

मल्लेश्वरी कलबुर्गीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. दोन खोल्यांत एकटी राहायची आणि त्यातली दीड खोली पुस्तकांनी भरलेली होती. मागे महिलादिनाला टीव्हीवरच्या मालिका माणसाची विचारशक्ती कशी पोखरतात यावर ती पाऊण तास बोलली होती. ते पेपरात छापून आलं. रेवणप्पांनी कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि बरोबर टीव्हीच्या वर लावलं.

सेवा घेताना एका पडद्याची आणि दोन पडद्यांची अशा दोन वर्गण्या होत्या. "एकच बस झाला," ती सगळ्यांदेखत म्हणाली होती. "मी थोडीच बघणार आहे!" पुढच्याच महिन्यात तिला ताप आला. पुस्तक धरवेना. पैसे भरलेत तर चालतं का बघावं, म्हणून तिने मोबाइलवर एक मालिका लावली. मालिकेतल्या सुनेची स्मृती गेलेली होती. तिचा ताप आठवड्यात उतरला, पण सुनेची स्मृती काही परत येईना. मग मल्लेश्वरीला मध्येच सोडून देता येईना. त्यात मालिका रविवारीही सुरू झाली. म्हणजे सून आठवड्याचे सातही दिवस संकटात.

रोज साडेसातला मोबाइल विचारायचा : ही सेवा दुसऱ्या पडद्यावर सुरू आहे, तिथली बंद करून इथे पाहायची का? पहिल्या दिवशी तिचा अंगठा थबकला. दुसऱ्या दिवसापासून थबकला नाही. अप्पा त्या वेळी कन्नड बातम्या बघतात, त्यात माणसं नुसती ओरडतात, तेवढाच कानाला आराम, अशी तिने स्वतःची समजूत घातली. दोन पडद्यांची वर्गणी तिला सहज परवडली असती. पण दुसरा पडदा कोणाचा, हे सांगावं लागलं असतं.

इकडे चिटगुप्प्यात वायरमन हावगेप्पा तीनदा येऊन गेला होता. त्याने आधी प्लग बदलला, मग वायर बदलली. तिसऱ्यांदा त्याने गच्चीवर उभं राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं निदान केलं : मागच्या बाजूची नागेंद्रची मिरची कांडपाची गिरणी साडेसातला करंट ओढते. नागेंद्र भांडायला आला. मग दोन दिवस त्याने संध्याकाळची गिरणी बंद ठेवून दाखवली. टीव्ही दोन्ही दिवस वेळेवर बंद पडला. तेव्हापासून नागेंद्र हावगेप्पाशी बोलत नव्हता.

तेवढ्यात शेजारचे सिद्धलिंगप्पा आत आले. बातम्या बघायला ते रोज इथेच असत.

"मल्लव्वा, कवा आलीस? तुला टीव्हीचं कळालं का न्हाई?"

"बिघडलाय म्हणे, काका."

"बिघडायला काय झालंय! अगं, साडेसात म्हंजे लिंगपूजेची वेळ. तुझ्या बापाची वेळ झाली की टीव्ही आपणहून गप! मी मठातल्या स्वामीजींनाबी सांगून आलोय."

"हे पूजेचं कोण म्हणालं तुम्हाला?"

"कोण म्हंजे? रेवणप्पाच म्हणला."

मल्लेश्वरीने वडिलांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते.

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही. पण समोर लॅमिनेट केलेलं कात्रण चकाकत होतं. "अप्पा," ती म्हणाली, "साडेचारची बस मिळेल ना?"

रेवणप्पा स्टँडवर सोडायला आले. बस हलताना त्यांनी खिडकीशी येऊन नेहमीचं वाक्य म्हटलं, "पोचल्यावर फोन कर गं."

"लहान आहे का मी आता?" तिनेही नेहमीचं उत्तर दिलं. एकदा त्यांचा फोन आला असताना ती त्रासून म्हणाली होती, मी वाचत असते अप्पा, मध्येच फोन नका करत जाऊ. तेव्हापासून ते करत नसत. ते फक्त हे वाक्य म्हणत आणि ती ते ऐकून सोडून देई.

त्या संध्याकाळी ती सात वाजून दहा मिनिटांनी खोलीवर पोचली. मन खात होतं. तिने मोबाइल कपाटात साड्यांखाली ठेवला आणि एक जाडजूड पुस्तक घेतलं. साडेसातला ती एक्केचाळिसाव्या पानावर होती. नऊ वाजताही एक्केचाळिसाव्याच पानावर होती. पण आज वर्षात पहिल्यांदा अप्पांनी बातम्या पूर्ण बघितल्या असतील, या विचाराने तिला बरं वाटलं.

सोमवारी पहाटे रेवणप्पा झोपेतच गेले, लिंगैक्य झाले.

पाचव्या दिवशी दिवसकार्याची शिवगणाराधना होती. अंगणात मांडव, साठेक माणसं, पंगतीआधी मठाच्या स्वामीजींचे चार शब्द. रेवणप्पांनी तीस वर्षांत एकही वेळ चुकीची लिहिली नाही, असं ते म्हणाले. ते ऐकून चन्नव्वाने पदर डोळ्यांना लावला. मग स्वामीजी म्हणाले, "मी याला चमत्कार म्हणणार न्हाई. पर ज्या घरात पूजेच्या वेळी टीव्हीसुद्धा गप बसतो..."

"अजूनबी बसंल!" सिद्धलिंगप्पा उठले. "माणूस गेला तरी त्याची वेळ जात न्हाई. लावून बगू की. सात पंचवीस झाले."

कोणी नको म्हणायच्या आत त्यांनी टीव्ही लावला आणि तोंड मांडवाकडे फिरवून ठेवला. बातम्यांतली माणसं ओरडू लागली. साठ माणसं गप्प झाली.

मल्लेश्वरी दाराशी उभी होती. टीव्ही बंद पडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणखी पाच मिनिटांनी अप्पा सगळ्या गल्लीसमोर थापाडे ठरणार होते, तेही त्यांच्याच आराधनेत, तेही तिच्यामुळे. ती स्वयंपाकघरात शिरली. खिरीच्या पातेल्याआड बसून तिने मोबाइल काढला. तिथली बंद करून इथे पाहायची का? तिने 'होय' दाबलं.

बाहेर टीव्ही गप झाला. मांडवातल्या सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून ढोल-ताशांसह मालिकेचं शीर्षकगीत घुमलं. कलबुर्गीतला पंखा फार खडखडायचा, म्हणून तिच्या मोबाइलचा आवाज कायम पूर्ण असे.

"आत दुसरा टीव्ही हाय का?" सिद्धलिंगप्पांनी विचारलं.

मल्लेश्वरी बाहेर आली. हातातल्या मोबाइलवर सून रडत होती. बंद करायचं बटण काही केल्या सापडेना.

"मीच बंद पाडत होते," ती म्हणाली. "रोज. ही मालिका बघायला."

साठ माणसांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग सावकाश टीव्हीच्या वरच्या कात्रणाकडे.

"म्हंजे माझी गिरणी न्हवती!" मागच्या रांगेतून नागेंद्र ओरडला. "दोन दिस बंद ठेवलो की मी!"

"मी तर तीनदा वर चढलो," हावगेप्पा म्हणाला. वर्षभरात दोघं पहिल्यांदाच एका बाजूने बोलले.

"त्यांना ठाऊक होतं," चन्नव्वा बसल्या जागेवरून म्हणाली. सगळे वळले. "तिसऱ्या दिशीच कळालं होतं. बंद पडल्यावर खाली इंग्रजीत हिच्या मोबाइलचं नाव येतंय. तीस वर्षं बसच्या पाट्या वाचलेला माणूस, त्याला एवढं वाचता येईना व्हय?"

"मग मला कामून चढवले गच्चीवर?" हावगेप्पा म्हणाला.

"तुला सांगितलं तर गावाला कळंल. पोरीचं पेपरात आलंय, म्हणायचे."

"अन् पूजेचं?" सिद्धलिंगप्पांचा आवाज खाली आला होता.

"तुमी रोज इचारायलाव. कायतर सांगाय पायजे की."

स्वामीजींनी खांद्यावरची शाल सावरली. मग म्हणाले, "पंगत बसू द्या."

पंगत बसली. वाढताना दोन बायकांनी मल्लेश्वरीला हळूच विचारलं, त्या सुनेला आठवलं का काही. ती नाही म्हणाली. त्या हळहळल्या.

आत येऊन ती आईजवळ टेकली. "अव्वा, ठाऊक होतं तर अप्पा मला का नाही बोलले?"

"कामून बोलतील? टीव्ही बंद पडला की म्हणायचे, आली बग पोरगी घरला. मग पेन्सिल घ्यायचे. तू फोन तर करत न्हवतीस." चन्नव्वाने खिरीची वाटी तिच्याकडे सरकवली. "एक दिस आठाला आठ मिनिटं कमी होती तरी चालूच. उठायले, बसायले. बंद पडला तवा जेवले."

मल्लेश्वरीने वाटी धरली, पण घास घेतला नाही. "आणि रविवारी?"

"रविवारी पडलाच न्हाई. नऊपातूर बसले होते. मी म्हणले, फोन करा. म्हणले नगं, वाचत आसंल."

बाहेर कोणीतरी भात मागितला. कोणीतरी आणून वाढला.

वाटी खाली ठेवून मल्लेश्वरी म्हणाली, "उद्या मुदत संपते त्या टीव्हीची. या वेळी दोन पडद्यांची घेते. तू तुझं बघ, मी—"

"एकाचीच घे."

"अगं, पण मग तुझं मध्येच बंद पडेल."

"पडू दे की. दोनाची घेतलीस तर तू पोचल्याली मला कसं कळंल?"

मल्लेश्वरी उठून कॅलेंडरापाशी गेली. शनिवारच्या चौकटीत ७.३३ होतं. त्या दिवशी ती कलबुर्गीत होती. रविवारच्या चौकटीत काही नव्हतं, फक्त पेन्सिलीचं टोक टेकवल्याचा एक ठिपका होता. पेन्सिल दोऱ्याला लटकत होती. तिने ती हातात घेतली आणि सोडून दिली. लिहायचं काम त्यांचं होतं.

मांडवातल्या शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "अप्पा, मी पोचले होते. सात दहाला."