एका कुटुंबाच्या दोन किटल्यांची मोहीम

सकळ वाचकांचे सेवेशी, गंगाधरपंत, कामगार-संबंध विषयाचे निवृत्त अध्यापक, मुक्काम सांगली, यांची विनंती ऐसी जे: आमचे जुने विद्यार्थी ज्ञानू, हल्ली साताऱ्यास कारखान्यात कामगार, यांचा खलिता आषाढात आला आणि आम्ही उत्तर दिले नाही. हिंमत झाली नाही. खलित्यात पुसले होते, "सर, मालक-कामगारांविषयी तीन मतं शिकवलीत. एक, सारे एक कुटुंब. दोन, दोन पक्ष, बोलून तोडगा काढावा. तीन, झगडा मुळातलाच, मिटायचा नाही. आमच्या बनुबाईला यातलं कोणतं मत कामावर परत आणील? तिच्या एकटीवर घर चालतं."

मजकूर असा की, साताऱ्यास उदयसिंह यांचा नटबोल्टांचा कारखाना. दरवाजावर फलक, 'आपण सारे एक कुटुंब'. आत किटल्या दोन: हुजुरांची आले-दुधाची, कामगारांची काळ्या पाण्याची. चहा करणाऱ्या बनुबाईंनी फलक खरा मानला आणि हुजुरांची किटली लेथवाल्यांच्या कपांत रिती केली. मग हुजूर खवळले आणि शिस्तभंगाचे फर्मान सुटून बनुबाई गेटाबाहेर झाल्या.

आम्ही ग्रंथ काढिले आणि मजल दरमजल तळटिपांपर्यंत पोहोचून तेथेच तळ दिला.

ज्ञानूंनी आमची वाट पाहणे सोडिले. रविवारी बेचाळीस कामगार, लेकराबाळांसुद्धा, बनुबाईंस आघाडीस घालून हुजुरांचे बंगल्यावर चालून गेले आणि दिवाणखान्यात पंगत धरून बसले. खासा सोफा पहिल्याच हल्ल्यात पडला. बाईसाहेब प्रियदर्शनी यांनी पुसले, "अहो, हे कोण सगळे?"

बनुबाई म्हणाल्या, "वैनीसाब, आमी घरचीच हाय. लय काय न्हाई, आदी च्या टाका. आल्याचा."

"कुटुंब म्हणजे तसं नव्हे!" हुजूर गरजले.

"मग कसं, ते बसून बोलूया की, मालक," ज्ञानू म्हणाले.

मग बोलणे झाले आणि तह ठरला: बनुबाई सोमवारपासून रुजू, किटली एकच, आणि फलक तात्काळ उतरवावा. शेवटचे कलम खुद्द हुजुरांच्या आग्रहाने.

ही फत्ते ज्ञानूंनी फोनवर कळविली, ती येथे नोंदिली. मग आम्ही काल उत्तर लिहिले: "चि. ज्ञानू, पहिलं मत मालकांनीच उतरवलं. दुसऱ्यानं बनुबाई परत आल्या. तिसरं हाताशी असू द्या. किटल्या पुन्हा दोन होतील." आणि पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच माघारी फिरलो.