उपरण्याखाली ठरलेला पगार

तेजसला जमतं आणि मला जमत नाही, अशी गोष्ट या जगात अजून निर्माण व्हायची आहे. हे वाक्य मी खडकीच्या क्वार्टरमध्ये चहा पिता पिता बायकोसमोर बोललो आणि तिथंच फसलो.

तेजस म्हणजे ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा, मूळचा वर्ध्याकडचा. वर्षभरापूर्वी त्यानं पुण्यातली भरगच्च पगाराची नोकरी सोडली, निम्म्याहून कमी पगारावर घरबसल्या करायचं कॉम्प्युटरचं काम धरलं आणि गावी जाऊन राहिला. रोज सकाळी त्याचा फोटो यायचा. मांडीवर लॅपटॉप, मागं संत्र्याची बाग. मी तेव्हा येरवड्याच्या सिग्नलला धूर खात उभा असायचो. खोटं कशाला बोलू, मी जळायचो. संत्र्यांवरसुद्धा जळायचो.

"किती निवांत दिसतो नाही?" प्रियदर्शनी म्हणायची. ही माझी बायको. दारूगोळा कारखान्यात नोकरीला आहे आणि तिथल्या मालाचा थोडा गुण तिच्या बोलण्यात उतरलाय.

"मीपण गावात राहून दाखवीन," मी म्हणालो.

"तुझ्याच्यानं कुंडीतली तुळस जगली नाही."

झालं! मी राजीनामा दिला. तेजसच्याच कंपनीत तशीच एक जागा निघाली होती, तिथं अर्ज ठोकला. पुण्याची हद्द संपल्यावर लागणाऱ्या एका गावात हिंदुराव नावाच्या शेतकऱ्याकडे खोली घेतली. भाडं इतकं कमी की तेवढ्यात खडकीत कुणी स्कूटरही उभी करू देणार नाही. आता फक्त व्हिडिओवरची मुलाखत बाकी होती. ती हुकली तर हातची नोकरी गेलेली, नवी नाही, आणि प्रियदर्शनीला तोंड दाखवायची सोय नाही.

दिवसाढवळ्या घरात बसलेला धडधाकट पुरुष म्हणजे नोकरीवरून काढलेला, असा त्या गावाचा सरळ हिशेब. पहिल्याच दुपारी हिंदुरावांच्या घरच्या सोजरबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

"मनाला लावून घिऊ नगा. हुतंय आसं. लागंल दुसरी."

"मावशी, मी आपणहून सोडली नोकरी."

"समदी तसंच सांगत्यात," त्या मायेनं म्हणाल्या आणि ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मुलाखतीच्या दिवशी पडद्यावर तीन चेहरे आले. मधल्या सृष्टी मॅडम. प्रश्नांची उत्तरं मी फाडफाड दिली. शेवटी त्या म्हणाल्या, "पगार मात्र कमी आहे. चालेल ना?"

"चालेल की! इथं खर्चच काय आहे? तेजसला देता त्याहून कमी दिलात तरी चालेल," मी म्हणालो. पगार कमी घेण्यातसुद्धा मला तेजसच्या पुढं जायचं होतं.

खिडकीबाहेर हिंदुराव उभे होते. त्यांची हयात बैलबाजारात गेलेली. एक नोकरी गेलेलं पोरगं स्वतःचाच भाव पाडतंय, हे त्यांना बघवलं नाही. ते तडक आत आले, खांद्यावरचं उपरणं काढून लॅपटॉपवर टाकलं आणि त्याखाली माझा हात धरला.

"काका, मुलाखत चाललीय," मी कुजबुजलो.

"गप. भाव आसा चारचौघात बोलत्यात व्हय? तीन तीन माणसं बघत्यात." मग माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बैलाचा सौदा उपरण्याखालीच हुतो, बोटांवर. म्या बोट दाबलं की गप ऱ्हायचं. सोडलं की हां म्हणायचं."

उपरण्याखालून आवाज आला, "हॅलो? तुमचा व्हिडिओ गेला का?"

हिंदुरावांनी बोट दाबलं. आयुष्यभर बैल आवरलेला हात तो. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"पगार कमी वाटतोय का तुम्हाला?"

बोट दाबलेलंच. पलीकडे कुजबुज झाली. "बरं, थोडा वाढवू."

मला ओरडून "चालेल" म्हणायचं होतं. बोट आणखी पिरगळलं गेलं.

"तुम्ही फारच कसलेले दिसता," सृष्टी मॅडम म्हणाल्या. "ठीक आहे, आणखी वाढवते. यापुढे मात्र जमणार नाही."

बोट सुटलं. मी "हां" म्हणालो, पण त्यात निम्मं कण्हणं होतं. हिंदुरावांनी उपरणं उचललं, त्यानंच तोंड पुसलं आणि पडद्यावरच्या तिघांना सांगितलं, "सौदा झाला. पोरगं गुणी हाय, जपून वापरा."

मी लगेच प्रियदर्शनीला फोन लावला. "तेजसपेक्षा जास्त पगार मिळाला."

"अरे वा," ती म्हणाली. लग्नानंतर हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तासभर मी त्या खोलीत राजासारखा हिंडलो.

मग कंपनीची मेल आली. अभिनंदन वगैरे होतंच. खाली लिहिलं होतं की घरून कामाची सोय फक्त कमी पगाराच्या जागेला आहे. या पगारावर रोज ऑफिसला यावं लागेल. पत्ता येरवड्याचा.

आता मी खडकीला परतलोय आणि पुन्हा त्याच सिग्नलला धूर खात उभा असतो. ऑफिसात पोचलो की सकाळची मीटिंग सुरू होते आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर तेजस येतो, मागच्या बागेसकट. सोजरबाईंचाही फोन आला होता. "लागली न्हवं नोकरी? म्या म्हणलं व्हतं."

परवा तेजसनं घरी संत्र्यांची पेटी पाठवली. प्रियदर्शनीनं एक सोललं, फोड माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "कशी आहेत?"

मी फोड तोंडातसुद्धा न घालता सांगितलं, "आंबट."