चिखलासुराने कोणाला खावे?

चिखलासुराने पहिल्या भागात कोणाला खावे, हा विषय कोलकात्याच्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एका रविवारी सकाळी, कांदेपोह्यांनंतर आणि चहापूर्वी, विचारार्थ ठेवण्यात आला. विषय किरकोळ वाटल्यामुळे त्याला दहा मिनिटे दिली होती. त्या गोष्टीला आता वर्ष होत आले आणि चहा अजून यायचा आहे.

ज्यांना चिखलासुर ठाऊक नाही त्यांच्यासाठी खुलासा करणे, मंडळाचा कार्यवाह या नात्याने, माझे कर्तव्य आहे. ऐंशीच्या दशकात बदलीवर इकडे आलेल्या काही हौशी अधिकाऱ्यांनी संध्याकाळी करण्यासारखे दुसरे काही नसल्यामुळे एक चित्रपट काढला. हुगळीच्या गाळातून राक्षस वर येतो, खिदिरपूरच्या गोदीत दिसेल त्याला गिळतो आणि तृप्तीचा लांबलचक ढेकर देऊन पुन्हा गाळात जातो, एवढेच कथानक. चित्रपट पडला. म्हणून दुसरा काढला. तोही पडल्यावर तिसरा काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे कोणी त्याचे नाव काढले नाही, आणि मग कुणीतरी तो ढेकर इंटरनेटवर टाकला. आता देशभरातली पोरे तो रिंगटोन म्हणून लावतात, चिखलासुराच्या मिशांचे टी-शर्ट घालतात आणि 'इतका वाईट सिनेमा पुन्हा होणे नाही' असे हात जोडून म्हणतात.

तो ढेकर आमच्या दत्तूकाकांचा. दत्तात्रय नाव, कस्टममधून निवृत्त, मुक्काम बालीगंज. तिन्ही चित्रपटांत राक्षसाच्या आत तेच होते. एरवी हा माणूस इतका सौम्य, की ट्राममध्ये कोणी पाय तुडवला तर हेच 'सॉरी' म्हणत. आयुष्यात त्यांनी कोणावर आवाज चढवला असेल तर तो त्या पोशाखात शिरून. बजबज गावच्या तागाच्या मिलमधली गोणपाटे, ट्रकच्या टायरच्या ट्यूबा आणि वर दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिराने केलेले महिषासुराच्या वळणाचे तोंड, असा तो पोशाख काकांच्या माळ्यावर होता. शकुनकाकू त्यात हिवाळ्याच्या रजया ठेवत.

मुंबईहून केयूर नावाचा एक तरुण निर्माता आला आणि म्हणाला, "काका, चिखलासुराची मालिका करतोय. तुम्ही पुन्हा आत शिराल?"

"शिरेन की," काका म्हणाले आणि माळ्याच्या शिडीकडे निघाले.

"आधी त्यातल्या रजया काढा," काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

काकांची नात देवयानी तिथेच फोनवर काहीतरी बघत बसली होती. जन्म इथला, शाळा इथली, त्यामुळे तिचे मराठी घरापुरते आणि तेही जेमतेम. तिने मान वर करून आजोबांकडे पाहिले. "आजोबा, तू मोन्स्टर? तू तर मांजरला पण 'जरा सरका' म्हणतो. मला तुझी भीतीच नाही वाटत."

"वाटेल," काका म्हणाले. "पहिल्याच भागात तुझ्यासमोर एक माणूस खाऊन दाखवतो. माझा शब्द आहे."

आजोबांनी नातीला दिलेला शब्द. तो मोडू नये असे मला मनापासून वाटत होते. म्हणूनच मी तो योग्य मार्गाने न्यायचे ठरवले.

योग्य मार्ग म्हणजे मंडळाची पद्धत. 'आपण परगावात आहोत, कोणाला दुखवायचं नाही,' या एका सूत्रावर आमचे मंडळ इतकी वर्षे टिकले आहे. आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकात प्रत्येक सभासदाच्या मुलाला काम मिळते आणि कोणाचेही मूल मरत नाही, कारण त्याची आई समोर बसलेली असते. गेल्या वर्षी दरोडेखोराच्या आईने हरकत घेतल्यामुळे त्याला फाशीऐवजी समज देऊन सोडण्यात आले आणि उत्तेजनार्थ बक्षीसही देण्यात आले. हे मी केयूरला सांगितले तेव्हा त्याचे डोळे पाणावले.

"सर, आम्हाला हेच हवंय," तो म्हणाला. "आजकाल कोणाच्या भावना कुठे दुखावतील सांगता येत नाही. तुम्ही आमचे भावना-समन्वयक व्हा."

मी झालो. ज्याला खायचे त्याची आधी ना-हरकत घ्यायची, मग खायचे, असे धोरण सर्वानुमते ठरले. यात काही चूक आहे असे कोणालाही वाटले नाही.

मूळ संहितेत चिखलासुर गोदीतला एक कारकून खातो. कारकुनांच्या संघटनेने कळवले की, खायची वेळ आली की दर वेळी कारकूनच का? साहेब दिसत नाहीत? मुद्दा रास्त होता. कारकुनाच्या जागी साहेब घातला. पण मंडळाची निम्मी कार्यकारिणी साहेबांचीच. एका साहेबांनी कार्यकारिणीत दाखवून दिले की, अधिकारी खाल्ला गेल्यास त्याचा पदभार कोणाकडे द्यायचा याचा संहितेत उल्लेख नाही. व्यापारी खावा म्हटले तर मंडळाला मंडप देणारे व्यापारी. भाड्याने राहणारा खावा तर भाडेकरू चिडतील, घरमालक खावा तर भाडेकरू टाळ्या वाजवतील आणि ते जास्त वाईट. कवी खाण्याची सूचना मीच केली होती. ती बाहेर फुटली आणि दुसऱ्या दिवशी काकांच्या दाराशी निषेधाच्या कवितांचे वाचन झाले. या शहरात घरटी दोन कवी आहेत हे मी विचारात घ्यायला हवे होते.

मासेवाला खावा या सूचनेवर गल्लीतल्या क्लबचे सेक्रेटरी पोल्टूदा स्वतः आले. पोल्टूदा म्हणजे आमच्या भागातले सर्वोच्च न्यायालय. त्यांनी चहा घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, "दादा, ये नेही चोलेगा. माछवाला हमको खिलाता है. उसको कोई खायेगा?"

"मग तुम्हीच सांगा," मी हिंदीत विचारले, "कोणाला खावं?"

पोल्टूदांनी बराच विचार केला. "बाहोर का आदमी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी तो पर्याय वेळेअभावी पुढे ढकलला.

शेवटी केयूरने चोर सुचवला. चोराला खाण्यावर कोण हरकत घेणार? आणि खरोखर कोणीच घेतली नाही. आम्ही पेढे वाटले. काकांनी पोशाख गॅलरीत उन्हात घातला. मग वाहिनीच्या वकिलाने विचारले, "हा चोर दिवसा काय करतो?" त्याला काहीतरी कामधंदा दाखवावा लागणार होता. जो जो धंदा लिहिला, त्या त्या धंद्याचे लोक 'म्हणजे आम्ही चोर का?' म्हणून दाराशी उभे राहिले. बेकार दाखवला तर बेकारांचा मोर्चा आला, आणि त्यांना वेळच वेळ होता.

माणूस वगळावा असे ठरले. बोकड घातला तर प्राणिमित्र आले. मासा घातला तेव्हा पोल्टूदा खूश झाले, पण चिखलासुर हिल्सा कच्चा खातो हे कळताच अख्ख्या गल्लीने जेवण सोडले. मोहरीच्या वाटणातला खाईल असे आश्वासन दिले, तर मोहरी काळी की पिवळी यावरून क्लबमध्ये दोन तट पडले आणि यंदा पूजेचे मांडवही दोन झाले. शेवटी प्रायोजक तेलवाल्यांनी कळवले की आमचे तेल शुद्ध शाकाहारी आहे, राक्षसही तसाच हवा.

अशा रीतीने चिखलासुराला उपास धरायला लावण्यात आले.

आमच्या मंडळातल्या महिलांनी या बदलाचे मनापासून स्वागत केले. चिखलासुर गाळातून वर येतो, दिवा लावतो आणि साबुदाण्याची खिचडी खातो, असे पहिले दृश्य लिहिले गेले. मग खिचडी करायला कोणीतरी हवे म्हणून त्याला सून आणली. सून आली म्हणून सासू आली. सासूचे आणि सुनेचे दाण्याच्या कुटावरून बिनसते, आणि राक्षस दोघींच्या मधे बसून 'शांत व्हा' म्हणतो. केयूरने अंदाज काढला की हे सारे किमान सातशे भाग चालेल. भीतीचे दृश्य म्हणून एकदा दूध उतू जाते.

"आणि ढेकर?" काकांनी विचारले.

"तो तर हवाच! लोक त्याच्यासाठीच बघणार," केयूर म्हणाला. "तुम्ही नुसता आवाज द्या, काका. खाल्लंय की नाही कोण बघतंय?"

काका उठून उभे राहिले. मी त्यांना इतके ताठ कधी पाहिले नव्हते. "पोरा, मी नोकरीत खाऊन ढेकरही न देणारे खूप पाहिले. पण न खाता ढेकर देणारा मी नाही. खिचडीवर तसला ढेकर येतच नाही. त्याला माणूसच लागतो."

आणि ते आतल्या खोलीत निघून गेले. देवयानीने दाराकडे पाहिले. "मला माहीतच होता," ती म्हणाली, "आजोबा कोणाला खाणार नाही." तिच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. असती तर बरे झाले असते. ती नुसती समजूतदार होती, आणि नवव्या वर्षी आपल्या आजोबांविषयी इतके समजूतदार व्हावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

मालिकेची घोषणा झालेली होती, चित्रीकरण ठरलेले होते, आणि ढेकराशिवाय वाहिनी एक भागही घेणार नव्हती. शूटिंगच्या दिवशी खिदिरपूरजवळ नदीकाठी आम्ही सगळे जमलो. कॅमेरा होता, खिचडी होती, सून होती. काका पोशाख चढवून गुडघाभर गाळात उभे होते आणि हलायला तयार नव्हते. काठावर देवयानी काकूंचा हात धरून झालमुडी, म्हणजे तिखट मुरमुरे, खात होती. केयूर कपाळ धरून एका खोक्यावर बसला होता.

"सर, एकच माणूस हवाय," तो मला म्हणाला. "ज्याची संघटना नाही, क्लब नाही, मोर्चा नाही. ज्याला काहीही दाखवलं, काहीही केलं, तरी जो हरकत घेत नाही. असा माणूस आहे का देशात?"

मी विचार करू लागलो. केयूरही करू लागला. आमची नजर एकाच वेळी कॅमेऱ्याच्या भिंगावर गेली. भिंगाच्या पलीकडे, सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन, तो बसलेला असणार होता.

"प्रेक्षक," केयूर पुटपुटला.

"ना-हरकत?" मी सवयीने विचारले.

"कसली ना-हरकत, सर! तीन-तीन मिनिटं एकच चेहरा सात वेळा दाखवतो आम्ही. मेलेला माणूस तीनदा परत आणतो. एक शब्द बोलत नाही तो. जेवता जेवता बघत राहतो."

काकांना निरोप दिला. 'काका, कॅमेऱ्याकडे. जो बघतोय त्याला खायचं.'  मग त्या गोणपाटाच्या ढिगातून असा आवाज आला, की नदीतल्या एका नावेवरच्या माणसाने हातातली विडी पाण्यात टाकली. चिखलासुर निघाला. ज्यांना त्यांनी आपले पाय निमूटपणे तुडवू दिले त्या सगळ्या लोकांचे हिशेब चुकते करायला निघाल्यासारखे ते आले. खिचडीचे पातेले उडाले. सून पळाली, संहितेत नव्हते तरी पळाली. मिशा, सुळे, चिखल आणि मग ते प्रचंड लाल तोंड भिंगावर आले आणि मिटले. भिंगापुढे सगळीकडे अंधार. कॅमेरा खरोखरच काकांच्या पोटात होता.

आणि मग ढेकर आला. तो मी लिहून दाखवू शकत नाही. एवढेच सांगतो की पलीकडच्या काठावरचे कुत्रे भुंकू लागले.

देवयानीच्या हातातला झालमुडीचा कागदी ठोंगा केव्हाच खाली पडला होता. ती किंचाळली, काकूंच्या पदरात शिरली, आणि आतून रडत, हसत ओरडू लागली, "आजोबा नको! आजोबा, मला खाऊ नको! अजून एकदा कर!"

पोशाखाचे तोंड वर झाले. आत दत्तूकाका होते, घामाने निथळलेले, आणि लहान मुलासारखे हसत होते. "वाटली ना?" त्यांनी विचारले. "भीती वाटली ना?" काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बाहेर या आधी, सर्दी होईल."

वाहिनीला हा मार्ग इतका पसंत पडला, की सासू आणि सून काढून टाकण्यात आल्या. आता रोज रात्री साडेआठला चिखलासुर वर येतो, बघणाऱ्याला गिळतो, ढेकर देतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे पुन्हा त्याच जागी येऊन बसतात. आकडे वाढतच आहेत. मोहरीवरून भांडणारे दोन्ही तट शेजारी बसून बघतात. बेकार बघतात, साहेब बघतात, कवीही चोरून बघतात. भावना-समन्वयक म्हणून मी हरकतींची रीतसर वाट पाहिली. एकही आली नाही.

आता वाहिनीचा विचार आहे की टीव्ही न बघणाऱ्यांनाही या योजनेचा लाभ मिळावा, विशेषतः वाचणाऱ्यांना. वाचक मोठा चोखंदळ, तो नक्की आवाज उठवेल, अशी मला शंका होती. पण तुम्ही कारकून खायचा म्हटल्यावर हसलात, कवी खायचा म्हटल्यावर जरा जास्तच हसलात, आणि इथवर आलात तरी चकार शब्द काढला नाहीत. तेव्हा तुमची हरकत नाही असे गृहीत धरून दत्तूकाकांना कळवले आहे. ते निघाले आहेत. खोलीतला दिवा तेवढा राहू द्या, अलीकडे त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नाही.