खिंडीतून पाच वाक्यं

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आमच्या अख्ख्या खोऱ्यात माझ्याइतकी जबाबदार सायकलपटू शोधून सापडणार नाही! दोन महिन्यांपूर्वी मी शाळेचा चढसुद्धा सायकल हातात धरून चालत चढायचे, हे खरंय. पण आता? आता चढ मला घाबरतात!

म्हणून तर शाळेच्या सायकल गटाच्या आठ दिवसांच्या सफरीसाठी माझं नाव निघालं. पाच खिंडी, अकरा जुनी गावं, दगडी वेशी, कमानींचे पूल! फक्त फॉर्मवर आईची सही हवी होती. आई दातांची डॉक्टर आहे. कुणाचाही जबडा ती चुटकीसरशी उघडते, पण तिच्याकडून एक "हो" उपटायचं म्हणजे अक्कलदाढ काढण्याइतकं अवघड!

"शनिवारी पाचपर्यंत फॉर्म द्यायचाय," मी म्हटलं.

"मग शनिवारी सकाळी आजोबांबरोबर खिंड ओलांड आणि खालच्या गावापर्यंत जाऊन दाखव. नीट गेलीस, तर सही. खिंडीत पोचलीस की मला मेसेज करायचा. एक जरी घोळ झाला ना, तर सायकल माळ्यावर!"

आजोबा म्हणजे आईचे बाबा. वय बहात्तर. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. त्यांची सायकल आईपेक्षा वयाने मोठी आणि पाय छत्रीच्या काड्यांसारखे. दर वळणावर थांबून यांची वाट बघावी लागणार, या हिशेबाने मी वाचायला पुस्तक घेतलं होतं!

खिंडीत पोचले तेव्हा माझा टोमॅटो झाला होता आणि आजोबा कठड्यावर बसून शीळ घालत होते.

"आलीस? मला वाटलं घरी गेलीस!"

त्यांनी माझ्या बाटलीतला शेवटचा घोट घेतला, मिशा पुसल्या, वाऱ्याकडे तोंड करून क्षणभर डोळे मिटले. चेहऱ्यावर काय शांती! मग सायकलवर टांग टाकली आणि म्हणाले, "बराय, निघतो मी!"

"आजोबा, थांबा!"

कसले थांबतात! सुटले ते सुटलेच! पहिल्या वळणावर त्यांची पाठ दिसली, दुसऱ्यावर नुसती घंटी ऐकू आली.

पण मी जबाबदार ना! आधी मेसेज. फोनवर नेटवर्कची एकच काडी, तीही डोळे मिचकावणारी. बोटं गारठलेली. तरी लिहिलं:

"आजोबा गेले. मी थांबा म्हणत होते, पण ऐकलं नाही. शेवटचा घोट माझ्याच बाटलीतून घेतला. चेहरा अगदी शांत होता. आता मीही मागोमाग जाते."

मेसेज गेला आणि पाठोपाठ नेटवर्कही गेलं. मी खुशीत पायडल मारलं.

दवाखान्यात काय झालं ते मला नंतर कळलं. आई एका टॅक्सीवाल्याची दाढ कोरत होती. तिने फोन बघितला. मशीन थांबलं. टॅक्सीवाल्याने आ वासलेलाच होता, आईनेही वासला. मदतनीस ताईंनी तिच्या खांद्यावरून वाचलं, त्यांनीही वासला. तोंड मिटलेलं असं त्या खोलीत कुणी उरलंच नाही!

आईने मला अकरा वेळा फोन लावला. लागतोय कुठला! मग तिने खालच्या गावच्या पोस्टात फोन केला आणि त्यानंतर मावशीला. मावशीच्या पोटात साधी वांग्याची भाजी टिकत नाही, तिथे ही बातमी काय टिकणार? चार मिनिटांत कुटुंबाच्या ग्रुपवर आजोबांचा काळ्या चौकटीतला फोटो! खाली एका मामांनी लिहिलं, "परवाच बोललो होतो हो!" हे मामा आजोबांशी नऊ वर्षं बोललेले नाहीत.

आईची गाडी गॅरेजमध्ये होती. टॅक्सीवाला अर्धी कोरलेली दाढ घेऊन उठला. अर्धा जबडा बधिर. "अला आक्तर, ई ओडतो!" म्हणजे, "चला डॉक्टर, मी सोडतो!"

इकडे मी वाऱ्यावर स्वार! वरचं गाव आलं. वेशीची कमान, एकमेकींना टेकून उभी असलेली घरं, चार वाजून दहा मिनिटांवर कायमचं झोपलेलं घड्याळ असलेला मनोरा. आजोबांचा पत्ता नाही. बेकरीवाल्याला विचारलं, "सायकलवरचे एक आजोबा बघितलेत का?"

"ते होय? आत्ताच गेले की!" त्याने हनुवटीने कुठेतरी खूण केली. उतार खाली होता, म्हणून मी खाली समजले.

खालच्या गावात शिरते तोच पोस्टमास्तरीणबाई रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात पसरून! मी दोन्ही ब्रेक दाबले आणि त्यांच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबले.

"पोरी, उतर. आधी बस. पाणी पी."

"नको हो, मला आजोबांना गाठायचंय!"

"नाही!" त्यांनी माझं हँडलच धरलं. "असा विचारसुद्धा मनात आणायचा नाही! आजोबा गेले, ठीक आहे. वय झालं होतं. तुझं अख्खं आयुष्य पडलंय!"

"गेले ते माहितेय मला! माझ्यासमोरच गेले!"

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना! राग येतो! दर वेळी असंच करतात!"

"दर वेळी?" बाईंनी छातीवर हात ठेवला.

"मागच्या रविवारीही गेले होते. मग पुलाखाली सापडले. चहा पीत होते."

पोस्टाच्या पायरीवर जमलेल्या चार माणसांनी एकमेकांकडे बघितलं. एकजण हळूच म्हणाला, "धक्का बसलाय हो तिला. डोक्यावर परिणाम झालाय."

मग बाई माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "बाळ, नीट ऐक. तुझ्या आईचा फोन आला होता. रडत होती. आजोबा वारले."

माझ्या हातातून बाटली पडली.

आईचा फोन! आई रडत होती! आईला कळलं म्हणजे नक्की काहीतरी झालं असणार! उतारावर! कुठल्यातरी वळणावर! आणि मी मात्र खिंडीत बसून मेसेज टाइप करत होते! माझाच मेसेज आईकडून पोस्टाला भोज्जा करून परत माझ्याकडे आलाय, हे त्या क्षणी सुचायला मी कोण, गुप्तहेर? मी गळ्यातल्या पंच्यात तोंड खुपसलं आणि असा हंबरडा फोडला की पोस्टाच्या छपरावरची कबुतरं उडाली.

इतक्यात एक सायकल येऊन थांबली. कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "काय हो, काय झालं? कोण गेलं?"

"हिचे आजोबा," बाई म्हणाल्या.

"अरेरे!" तो माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको, बाळा. मी आहे ना."

मी त्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. खांदा हाडाचा होता. मशीनच्या तेलाचा वास येत होता. मी डोकं वर केलं.

आजोबा!

म्हणजे मी आजोबांच्याच खांद्यावर आजोबांसाठीच रडत होते! मी किंचाळले. त्यांना वाटलं, दुःखाने. "किती भला माणूस! परवाच बुद्धिबळात मला हरवलं," म्हणत त्यांनी स्वतःचेही डोळे पुसले. कारण आजोबा दोन असतात ना! हिचे आजोबा गेले आणि आपण तर इथे बसलोय, म्हणजे गेले ते नक्की आपले व्याही, असा त्यांनी साधा सरळ हिशेब केला होता!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात टॅक्सी कर्कश ब्रेक मारून थांबली. आई पांढऱ्या कोटात, मास्क हनुवटीखाली, दात बघायचा छोटा आरसा अजून हातातच! ती धावत आली, मला कवटाळलं आणि माझ्या खांद्यावरून तिला आजोबा दिसले.

"ब... बाबा?"

"धीर धर, बेटा," आजोबा म्हणाले. "तुझे सासरे गेले."

"तेही?" आईने मटकन पायरीवर बसकण मारली.

आता मात्र पोस्टमास्तरीणबाईंचा संयम सुटला. "थांबा! सगळे थांबा! नक्की गेलंय कोण?"

टॅक्सीवाल्याने आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघितलं. "ओणी एलंच आही?"

बाईंनी आईचा फोन घेतला आणि माझा मेसेज भर रस्त्यात मोठ्याने वाचला. पहिल्या वाक्याला माझे कान तापले. "शेवटचा घोट" आला तेव्हा मी सायकलच्या मागे लपायचा प्रयत्न केला. सायकलीच्या मागे काय लपणार, कपाळ?

आजोबा मात्र लक्ष देऊन ऐकत होते. "पण यात चुकीचं काय आहे? शब्द न् शब्द खरा आहे!"

"बाबा, तुम्ही होतात कुठे?" आई ओरडली.

"वरच्या गावात. मनोऱ्यावरचं घड्याळ बंद होतं. बंद घड्याळ सोडून मी पुढे कसा जाणार?"

आईने आधी मावशीला फोन करून खुलासा करायला सांगितला. मावशीने तत्काळ ग्रुपवर टाकलं, "बाबा परत आले आहेत. कुणी घाबरू नये." त्यानंतर अर्धा तास कुणीही आजोबांचा फोन उचलला नाही.

मग आईने माझ्याकडे हात पुढे केला. "फॉर्म."

संपलं! आता ती फाडणार! मी पाठपिशवीतून फॉर्म काढला. "आई, मी पडले नाही. हरवले नाही. आणि मेसेज वेळेवर केला..."

"त्या मेसेजचं नावसुद्धा काढू नकोस!"

"पण खिंड एकटीने उतरली गं पोरगी," आजोबा म्हणाले. "ते बघ की."

आईने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, कोपरांकडे बघितलं. एक ओरखडा नाही! मग तिने टॅक्सीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवला आणि सही केली! "सायकल तुला येते. सायकलीबद्दल माझी तक्रारच नाही," एवढंच म्हणाली आणि आणखी काहीतरी लिहीत बसली. मी बघितलंच नाही. मी नाचत होते!

पाचला पाच कमी असताना शाळेत फॉर्म दिला. क्रीडाशिक्षकांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं आणि खोकल्याच्या नावाखाली खिडकीकडे तोंड केलं. मी वाकून बघितलं. ॲलर्जी: नाही. औषधे: नाहीत. विशेष सूचना: घरी निरोप कुणीही लिहावा, हिने लिहू नये.

कुणाला सांगणार? सहामाहीला पत्रलेखनात वर्गात पहिली आले होते हो मी! विषय होता, "आईला प्रवासातली खुशाली कळवा."