नाजूक, ही बाजू वर

आमच्या शेजारचे पास्कलमामा दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवतात. सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे पार्सल ऑफिसात गेली; रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी हात थांबायला तयार नाहीत. लोणच्याच्या बरणीवर 'नाजूक, ही बाजू वर'. मी एकदा त्यांची शिडी मागून नेली, तर तिच्यावरही 'ही बाजू वर'. शिडी उलटी लावण्याइतका मी बावळट दिसतो का, हे विचारायचं राहूनच गेलं.

बसणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. चहासुद्धा उभ्यानं, एक डोळा घड्याळावर. "पार्सल लेट म्हंजी इज्जत लेट," हे पालुपद.

मध्यंतरी दौंडच्या चर्चमध्ये एका संताचे अवशेष दर्शनाला आले. तांदळाच्या दाण्याएवढं हाड, काचेच्या डबीत. लोक रांगेनं येऊन काचेला ओठ लावायचे आणि प्रत्येकानंतर मामा पांढऱ्या रुमालानं काच पुसायचे. इतक्या जोरात, की फादर म्हणाले, "मामा, संतांना घासताय की काय?"

पण मामांचा जीव अडकला होता खुटबाव गावात. मामी तिथं लेकीकडं, खुबा मोडून आठ महिने खाटेवर. एकदा त्या काचेला ओठ लावायला मिळावेत, एवढंच मामींचं मागणं. मामांनी फादरना विचारलं का? छे! ड्यूटीवर असताना स्वतःसाठी काही मागायचं नाही, हा यांचा बाणा. मला तर असा राग यायचा!

पुढं अवशेष शिरूरला न्यायचे ठरले. फादर स्वागताच्या तयारीला आधी गेले. माझी पिकअप एरवी झेंडू मार्केटला नेते. त्या दिवशी तिलाच झेंडूनं सजवली. डबीची पेटी मामांच्या मांडीवर. पेटीवर चिठ्ठी होतीच.

"चारला शिरूर. मधी गाडी थांबायची न्हाई, चहाला बी न्हाई," त्यांनी मला बजावलं.

खुटबावकडं वळायचा फाटा जवळ आला तशी मामांची चुळबुळ सुरू झाली. घड्याळ, खिडकी, पुन्हा घड्याळ. रुमालाला पीळ देऊन देऊन त्याची दोरी केली.

"मामा, वळवू का?"

"न्हाई. लोक उन्हात उभी असत्याल."

फाटा मागं पडला. मी मुद्दामच गाडी हळू केली.

"आरं, थांब की! मागं घे! निघालाय आपला सरळ, येड्यावानी!"

मामींच्या खाटेच्या पायाला चिठ्ठी होती, 'नाजूक, हळू उचला'. लेकीनं हळूच त्यांची मान उचलली. मामा गुडघ्यावर बसले. घड्याळाकडं न बघता त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मामींनी काचेला ओठ लावले ते बराच वेळ काढलेच नाहीत.

"निघा आता," शेवटी मामीच म्हणाल्या, "तुमाला उशीर हुतोय."

शिरूरला पोचायला पाऊण तास उशीर झाला. बँडवाले दमून कट्ट्यावर बसले होते, फादर रस्त्यावर येऊन उभे.

"मामा, तुम्ही आणि लेट?"

मी पंक्चरची थाप तयार ठेवली होती. मामांनी मला बोलूच दिलं नाही.

"एक पार्सल पोचवायचं ऱ्हायलं हुतं, फादर. खुटबावला. आठ महिनं."

फादरनी पेटी उघडून डबी हातात घेतली. काचेवर ओठांचा ठसा तसाच होता. त्यांनी पुसायला रुमाल काढला.

"तेवढं ऱ्हाऊ द्या, फादर," मामा म्हणाले. "नाजूक हाय ते."

फादरनी रुमाल परत खिशात ठेवला.